पांढरे कपडे, हिरवं गवत आणि एक बटण

विंबल्डन म्हटलं की आपल्याकडे लोक एकदम हळव्या सुरात बोलायला लागतात. स्ट्रॉबेरी आणि क्रीम, रॉयल बॉक्स, पांढरे कपडे... परंपरा हो परंपरा! मीही त्यातलाच. पण या परंपरा एकेक करून तपासायला गेलं, तर फार मजेशीर प्रकार हाती लागतो.

मुळात क्लब होता क्रोकेचा. १८६८ साली स्थापन झालेला. टेनिस तिथे नंतर घुसलं. १८७७ ची पहिली स्पर्धा घ्यायचं एक कारण म्हणजे, हिरवळीवर फिरवायच्या घोड्याच्या रोलरच्या दुरुस्तीला पैसे हवे होते, असं सांगतात. २२ खेळाडू, फक्त पुरुष. फायनलला साधारण २०० प्रेक्षक, तिकीट एक शिलिंग. तीही पावसामुळे लांबलेली (हे मात्र अगदी परंपरेला धरून!). त्या वर्षी ठरवलेलं कोर्टाचं माप, ७८ फूट बाय २७ फूट, सिंगल्सला आजही तेच आहे. आमच्या धंद्यात दीडशे वर्षं सोडा, दीड वर्ष तरी स्पेसिफिकेशन न बदलता टिकलं तर लोक पार्टी मागतील.

बाकी मात्र पुष्कळ बदललंय. चेंडू १९८६ मध्ये पिवळे झाले. २००९ मध्ये सेंटर कोर्टवर सरकतं छप्पर आलं. मधल्या रविवारची सुट्टी २०२२ पासून कायमची गेली. यातल्या कशानेही आभाळ कोसळलं नाही.

मला खटकतं ते वेगळंच. ज्या परंपरा सगळ्यात जास्त टिकल्या, त्यांचा भार बहुतेक वेळा बायकांवर होता. विजेत्यांच्या नावांचा तो प्रसिद्ध फलक घ्या. १९८१ ची विजेती ख्रिस एव्हर्ट त्यावर 'मिसेस जे. एम. लॉइड' होती, म्हणजे आद्याक्षरंसुद्धा नवऱ्याची! पुरुषांच्या नावामागे 'मिस्टर' वगैरे काही नाही. लग्नपत्रिकेतलं 'सौ.' आठवलं ना? फलकावरचे ते 'मिस' आणि 'मिसेस' २०२२ मध्ये काढले. पैशाचंही तेच. १९६८ मध्ये व्यावसायिक खेळाडूंना प्रवेश मिळाला, तेव्हा रॉड लेव्हरला २००० पौंड आणि बिली जीन किंगला ७५०. बक्षीस सारखं व्हायला २००७ उजाडलं. एकोणचाळीस वर्षं!

आणि पांढरे कपडे. घामाचे डाग दिसू नयेत म्हणून व्हिक्टोरियन मंडळींनी पांढरा रंग धरला, असं म्हणतात. ठीक आहे, दिसतातही छान. पण नियम सैल होण्याऐवजी कडकच होत गेला. २०१३ मध्ये फेडररच्या बुटांचे केशरी तळवे चालले नाहीत. २०१४ मध्ये तर आतले कपडेही, दिसत असतील तर, पांढरेच हवेत असं लिहून टाकलं. आता पाळीच्या दिवसांत, जगभर कॅमेरे लागलेले असताना, पांढऱ्या स्कर्टमध्ये खेळायचं म्हणजे काय, हे नियम लिहिणाऱ्यांना सुचलं नसेल का? खेळाडूंनी उघडपणे बोलायला सुरुवात केल्यावर २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये नियम बदलला, आणि २०२३ पासून स्कर्टखाली गडद रंगाची शॉर्ट्स चालायला लागली. एवढ्याशा गोष्टीला इतकी वर्षं का लागावीत, हे मला खरंच कळत नाही.

याउलट २०२५ चा बदल. १४७ वर्षांनी लाइन जजेस गेले. ते गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेले, घसा ताणून 'आउट' ओरडणारे लोक मला फार आवडायचे. त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे मला आनंद व्हायला हवा. झाला नाही.

त्याच वर्षी ६ जुलैला सेंटर कोर्टवर पावल्युचेन्कोवा आणि ब्रिटनची सोने कार्टल यांची मॅच होती. ४-४, पावल्युचेन्कोवाला गेम पॉइंट. कार्टलचा चेंडू बाहेर पडला, टीव्हीवर स्पष्ट दिसत होतं. पण यंत्रणा गप्प! कुणीतरी कोर्टाच्या त्या भागातली यंत्रणा चुकून बंद केली होती. पंचांनी पॉइंट पुन्हा खेळवला आणि तो गेम कार्टलने घेतला. पावल्युचेन्कोवा भडकली, आणि का भडकू नये? तिने मॅच जिंकली म्हणून निभावलं. क्लबने माफी मागितली.

मग काय केलं? मॅच चालू असताना ऑपरेटरला ती यंत्रणा बंदच करता येणार नाही अशी सोय केली. उत्तम बग-फिक्स आहे, मीही हेच केलं असतं. फक्त पूर्वी एखाद्या लाइन जजला चेंडू दिसला नाही, तर तो डोळ्यांवर हात ठेवून पंचांना तसं सांगायचा. यंत्रणेकडून त्या दिवशी तेवढंही आलं नाही.