वेबीतला मे महिना

१ मे
चेन्नई बंदर. दुपारी जहाज सुटलं. बंक क्लास, खालचा डेक. डिझेलचा वास. तक्त्यांची गुंडाळी मेणकापडात बांधून उशाशी ठेवली आहे. नोहा, योना, हरवलेलं मेंढरू. सगळे हिंदीत छापून घेतलेत. नगरच्या मंडळीतल्या बायकांनी वर्गणी काढली, त्यातून. हिशोबाची वही माझ्याकडे.

पप्पा स्टेशनवर फार बोलले नाहीत. "बी.एड.चा फॉर्मपण भरून ठेव." एवढंच.

२ मे
उलट्या. लिंबू. दिवसभर पडून.

३ मे, रविवार
सकाळी डेकवर उपासना. आमचाच, नगरचा गट. मग एक कुटुंब आपणहून येऊन बसलं, आजोबा, सून, दोन नातवंडं. तीन पिढ्या अंदमानात, तरी सगळे त्यांना रांचीवालेच म्हणतात. १९१८ पासून छोटा नागपूरच्या आदिवासींना जंगलतोडीसाठी तिकडे नेलं, त्यांतले हे. आजोबांनी प्रार्थना केली. लांब, सावकाश, बंदरावरच्या मजुरांची आठवण ठेवून.

रात्री झोप नाही. हॅरिएट न्यूएलबद्दल वाचलं. फेब्रुवारी १८१२ मध्ये ती मिशनरी नवऱ्याबरोबर अमेरिकेहून निघाली. कंपनी सरकारने कलकत्त्यात राहू दिलं नाही. मॉरिशसच्या वाटेवर जहाजातच बाळ झालं, थोड्या दिवसांत गेलं. ३० नोव्हेंबरला ती गेली. मॉरिशसलाच पुरली. वय १९. मी २२ ची.

तिचा नवरा सॅम्युएल पुढे मुंबईला आला. १८२१ मध्ये पटकीने वारला. आमची नगरची मंडळी ज्या मिशनमधून झाली, त्याच्या पहिल्या माणसांतला तो.

तिने काय काम केलं, असं कोणी विचारलं तर काय सांगायचं?

४ मे
हॅडोचा धक्का. पोर्ट ब्लेअरचं नाव आता श्री विजयपुरम. जमिनीवरसुद्धा पाय हलतायत.

पुण्याच्या धर्मशिक्षणाच्या कॉलेजचा अर्ज बॅगेत आहे. 'सेवेचा अनुभव' या रकान्यात पेन्सिलीने लिहिलं: अंदमानात सुवार्ताकार्य. शाईने नंतर.

५ मे
रॉस बेट पाहिलं. आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. चर्चला छप्पर नाही. भिंतींना वडाची मुळं, दगड त्यांनीच धरून ठेवलेत.

गटाबरोबरच्या सरांनी सांगितलं: १८६३ मध्ये रेव्हरंड कॉर्बिन यांच्याकडे इथल्या 'अंदमान होम'चं काम होतं. अंदमानींना आणून ठेवायचं, इंग्रजी शिकवायचं, कपडे घालायचे. मनाला येईल तेव्हा निघून जायची मोकळीक नव्हती. वसाहतीबरोबर आजार आले. ग्रेट अंदमानी तेव्हा हजारोंनी होते. आज पन्नासच्या आसपास.

हरणं अंगाशी येऊन उभी राहतात. बाकी मुलांनी फोटो काढले. मला तिथे बसून प्रार्थना करावीशी वाटली, केली. कॉर्बिनसाहेबांसाठीही.

६ मे
पहाटे अंधारात जिरकाटांग. गाड्यांचा ताफा सोडेपर्यंत थांबायचं. पुढे जारवा आदिवासींचं राखीव जंगल. खिडकीतून हात बाहेर नाही, फोटो नाही, खाऊ द्यायचा नाही, थांबायचं नाही. सरांनी दोनदा बजावलं.

कोणी दिसलं नाही. बरं वाटलं.

जारवा काही शेकडाच. १९९८ च्या सुमारास ते आपणहून जंगलाबाहेर येऊ लागले. १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ.

गाडीत जॉन चाऊचा विषय निघाला. २०१८ मध्ये नॉर्थ सेंटिनल बेटावर सुवार्ता सांगायला उतरला आणि मारला गेला, वय २६. आमच्यातला एक दादा म्हणाला, रक्तसाक्षी. मला नाही पटत. त्याच्या प्रीतीवर मी शंका घेत नाही. पण जे लोक बाण रोखून नको म्हणतात, त्यांच्या किनाऱ्यावर उतरायचं नाही. एका सर्दीने ते सगळे संपू शकतात. त्यांना त्यांच्या बेटावर राहू देणं ही पण आज्ञा पाळणंच आहे. मी हे मोठ्याने बोलले. गाडीत बराच वेळ कोणी बोललं नाही.

मिडल स्ट्रेटला फेरी. खाडीत खारफुटी, मगरींची पाटी. संध्याकाळी मायाबंदर.

७ मे
वेबी. करेन लोकांचं गाव. लाकडी घरं, खांबांवर. काहींवर अजून धानीपत्तीचं छप्पर, बरीच पत्र्याची. सुपारी, नारळ, भातखाचरं. मधोमध बाप्टिस्ट चर्च.

मुलींच्या नावाआधी नॉ, मुलांच्या नावाआधी सॉ. सगळे हिंदी बोलतात, घरात करेन. आम्ही पास्टरांच्या घरी आणि शेजारी. माझी सोय एका आजींकडे. आजींची मुलगी पोर्ट ब्लेअरला नोकरीला, नातू इथे, बारा वर्षांचा.

साडेपाचच्या सुमारास सूर्य बुडाला. घड्याळ भारताचं, उजेड वेगळा.

८ मे
रेंज नाही. चर्चच्या पायरीवर एक दांडी येते. आईला फक्त "पोचले" पाठवलं.

जेवणात भात, बांबूचे कोंब, नापी. नापी म्हणजे मासळी आंबवून केलेली. पहिला घास कठीण, नंतर मागून घेतली.

१० मे, रविवार
उपासना. पेटी नाही, टाळ नाही. एक गिटार आणि चार आवाज. मागच्या बाकावरचा कोळी, पुढच्या बाकावरची शाळकरी मुलगी, ज्याचा त्याचा सूर ठरलेला. कोणी शिकवत नाही म्हणे, लहानपणापासून कानावर असतं. आमच्या गटाने रेव्हरंड टिळकांचं भजन म्हटलं. एकाच सुरात सगळे. त्यांनी दुसऱ्या कडव्यापासून खालून एक सूर जोडला. मी गाताना थांबले आणि ऐकत राहिले.

पास्टरांचं बायबल हातात घेतलं. स्गॉ करेन. गोल गोल अक्षरं. फ्रान्सिस मेसन यांनी केलेलं भाषांतर, संपूर्ण बायबल १८५३ मध्ये छापून तयार.

दुपारी पास्टरांशी बोलले. जडसनचं नाव त्यांच्या तोंडी घरच्या माणसासारखं. ६ फेब्रुवारी १८१२, सेलमच्या चर्चमध्ये पाच तरुणांना एकाच दिवशी दीक्षा: जडसन, न्यूएल, हॉल, नॉट, राइस. कलकत्त्यात जडसन आणि राइस बाप्टिस्ट झाले. जडसन ब्रह्मदेशात गेला, त्याच्या मागून आलेल्यांनी करेन लोकांत काम केलं. हॉल आणि नॉट १८१३ मध्ये मुंबईला आले, तिथून १८३१ मध्ये मिशन नगरला पोचलं. गॉर्डन हॉल नाशिकजवळ वारला, तोही पटकीने.

पास्टर म्हणाले, "तो हम लोग एक ही जहाज के हैं।"
जहाजं दोन होती खरं तर. कॅरॅव्हन आणि हार्मनी. मी नाही सांगितलं.

११ मे
व्हीबीएस, म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा, सुरू. चाळीसेक मुलं. नोहाचा तक्ता उघडला. प्राण्यांची नावं विचारली. एका मुलीने नोहाच्या तिन्ही मुलांची नावं सांगितली, मग सुनांची नावं लिहिलेली नाहीत हेही सांगितलं. वय आठ.

१२ मे
योना. तेच. त्यांना सगळं पाठ. शांत बसतात, हसून उत्तरं देतात. आम्हाला वाईट वाटू नये म्हणून बसतायत का?

रात्री गटाची बैठक. उद्या पपेट शो करू, असं ठरलं. मला झोप लागली नाही. बायकांनी वर्गणी कशासाठी दिली?

१३ मे
पहाटे आजी मांडीवर बायबल घेऊन वाचत होत्या. बोट ओळीवरून सरकत होतं. कंदील विझलेला. जवळ गेले तर पान उलटं.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पानंच्या पानं पाठ आहेत.

विचारलं, मुलांना आम्ही काय शिकवावं. आजी म्हणाल्या, "कहानी सब मालूम है बेटी। बच्चा लोग बोलता है, पढ़ना नहीं आता।" शाळा हिंदीत, मोबाइल हिंदीत. करेन अक्षरं ओळखणारी मुलं गावात थोडी. आजींनी पूर्वी चर्चमध्ये वर्ग घेतला होता. आता फळ्यावरचं दिसत नाही, पुस्तकातलं दिसत नाही.

"मोटा लिखेगा तो दिखेगा।"

१४ मे, स्वर्गारोहण दिन
सरांशी बोलले. सर पास्टरांशी बोलले. पास्टर थोडा वेळ गप्प बसले, मग आत जाऊन रंगाचा डबा घेऊन आले. होडी रंगवायचा, निळा.

तक्ते उलटे केले. पाठीमागे कोरा कागद. नोहाच्या मागे पहिलं अक्षर, हाताएवढं. आजी नाक कागदाला लावून तपासतात. वळण चुकलं की डोकं हलवतात. २५ व्यंजनं. रात्रीपर्यंत निम्मी झाली. बोटं निळी.

१५ मे
वर्ग आजींचा. आम्ही मुलं गोळा करतो, तक्ते धरतो, चहा करतो, लहानांना सांभाळतो. मी पण पाटीवर गिरवते. शेजारी सहा वर्षांचा सॉ बसतो. माझं अक्षर बघून स्वतःच्या बोटाने दुरुस्त करतो.

आमच्यातला दादा नाराज. म्हणाला, सुवार्ता कुठे आहे यात? सरांनी उत्तर दिलं नाही. मला उत्तर माहीत होतं, पण त्याला तक्ता धरायला दिला. तो दुपारपर्यंत धरून उभा होता.

१७ मे, रविवार
आजींनी वडिलांची गोष्ट सांगितली. १९२५. इंग्रजांना जंगलाच्या कामाला माणसं हवी होती. बेसीनकडची करेन कुटुंबं जहाजाने इथे आली, पाळकही बरोबर. वडील तेव्हा आठ वर्षांचे. सामानात कुऱ्हाडी, भाताचं बियाणं, बायबल. आधी झोपड्या, लगेच प्रार्थनेची जागा.

आजींना विचारलं, ब्रह्मदेश पाहिलाय का? नाही. वडिलांच्या अक्षरांत पाहिलाय, म्हणाल्या.

१८ मे
पाऊस. सगळे म्हणतात, हाच तो, मान्सून. पत्र्यावर इतका आवाज की वर्ग थांबवावा लागला. नगरला अजून टँकर चालू असणार.

१९ मे
पाऊस. कपडे वाळत नाहीत. सँडफ्लायचे चावे सुजले.

नातू वर्गाला येत नाही. खाडीवर असतो, डुंगीचं, म्हणजे छोट्या होडीचं, इंजिन खोलून बसतो. आजी त्याला काही म्हणत नाहीत.

२० मे
पायरीवर पप्पांचा फोन लागला. म्हणाले, पैसे पुरतायत ना. मी म्हटलं, पप्पा, मी इथे अ आ ई शिकतेय. बराच वेळ काही नाही. लाइन तुटली असं वाटलं. मग म्हणाले, "कोण शिकवतंय?" मी आजींबद्दल सांगितलं. "त्यांचे डोळे कोण बघतंय?"

२१ मे
आजींना विचारलं. ऑपरेशन पोर्ट ब्लेअरला होणार, तारीख मिळाली होती, त्यांनीच पुढे ढकलली. समुद्र, पाऊस, नातू, वर्ग. मुलीला कळवलं नाही.

पास्टरांना सांगायचं का? आजींनी नको म्हटलं आहे.

२२ मे
आजींनाच पुन्हा विचारलं. म्हटलं, तुमच्या परवानगीशिवाय मी बोलणार नाही, पण मला बोलायचं आहे. त्या भात निवडत राहिल्या. संध्याकाळी स्वतः पास्टरांकडे गेल्या. मी कंदील धरून बरोबर.

२३ मे
नातू वर्गाच्या दारात उभा. हात ग्रीसने काळे. आत आला नाही. मी पाटी दारात ठेवली.

रात्री डुंगीच्या बाजूवर नवं अक्षर दिसलं. निळं. वळण बरोबर.

२४ मे, पन्नासावा दिवस
पेंटेकॉस्ट. प्रेषितांची कृत्ये, अध्याय २. पास्टरांनी हिंदीत वाचायला सुरुवात केली, मग मुलांना पुढे बोलावलं. एकेकाने एकेक वचन, करेनमधून, पुस्तकातून. अडखळत. एक मुलगा मधेच थांबला तेव्हा अख्खं चर्च थांबलं, कोणी शब्द पुरवला नाही. त्याने तो काढला. शेवटचं वचन नातवाने वाचलं. आजींच्या मांडीवर आज पुस्तक नव्हतं.

मला रडू आवरलं नाही. आवरायचंही नव्हतं.

जडसन आणि राइस, त्या दोन तरुणांनी कलकत्त्यात वेगळी वाट धरली. त्या वाटेने अक्षरं इथवर आली. हॅरिएट मॉरिशसलाच राहिली. तीही याच रांगेत आहे, असं आज पक्कं वाटतं. प्रभूने तिचं पोचणं मोजलं नाही, निघणं स्वीकारलं.

२६ मे
तक्ते चर्चच्या कपाटात ठेवले. खालच्या वर्गाला आता मोठी मुलं शिकवणार, शनिवारी. आठ वर्षांची ती मुलगी यादी करतेय, कोणाला कुठपर्यंत येतं.

हिशोब जुळला. उरलेल्या पैशांचं काय करायचं, नगरच्या बायकांना विचारलं. उत्तर लगेच: आजींच्या जहाजाचं तिकीट आणि राहण्याचा खर्च.

२८ मे
मायाबंदर सोडलं. आजी आमच्याच बसमध्ये, खिडकीजवळ. त्यांना जंगलातून रस्त्याने जायचं होतं, जहाज नको म्हणाल्या. तिकिटाचे पैसे दवाखान्यासाठी ठेवले. जिरकाटांगपर्यंत त्यांनी माझ्याकडून व्यंजनं म्हणून घेतली. दोन चुकली.

३० मे
उजवा डोळा झाला. डाव्याची तारीख पुढची. मुलगी बरोबर आहे. मला आत सोडलं. आजींनी पट्टीखालून विचारलं, "लिखा?"

दवाखान्याच्या बाकावर बसून अर्ज पूर्ण केला. पेन्सिलीचं खोडलं. 'सेवेचा अनुभव' या रकान्यात शाईने लिहिलं: वेबी, मध्य अंदमान, करेन अक्षरांच्या वर्गात मदतनीस. शिफारस कोणाची, या रकान्यात आजींची सही हवी आहे. डोळा उघडल्यावर त्या करेनमध्ये करतील. पुण्याच्या कॉलेजला वाचता येणार नाही, म्हणून खाली मराठीत मी लिहून देईन.

बी.एड.चा फॉर्मही भरला. पप्पांना सांगितलं, दोन्ही भरलेत. शिकवायला शिकायचं आहे मला. ते म्हणाले, "ये. बोलू."