गठ्ठा सोडू का?

शिक्षकाचा सारा दिवस मुलांच्या गराड्यात जातो, पण त्याचं काम पाहणारं मोठं माणूस तिथे कुणीच नसतं. द्विशिक्षकी शाळेत तर विचारायलाच नको. एका खोलीत पहिली-दुसरी, शेजारच्या खोलीत तिसरी-चौथी. आजचा पाठ साधला की फसला, हे ज्याला सांगावं असा सहकारी एकच, आणि तोही त्याच वेळी भिंतीपलीकडे दोन वर्ग सांभाळत असतो. एखादा पाठ असा काही रंगतो की मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी मुलं उठत नाहीत. तो त्या खोलीतच राहतो. एखादी मुलगी जोडाक्षरापाशी महिनोन्‌महिने अडते. तेही तिथेच राहतं. म्हणून आसपासच्या, एका केंद्रातल्या साऱ्या शाळांचे शिक्षक एखाद्या शाळेत जमतात ती शिक्षण परिषद मला फार मोलाची वाटते.

परिषदेत कामाचे कागद पुष्कळ असतात. शिष्यवृत्तीचे अर्ज, पोषण आहाराच्या नोंदी, आधारची दुरुस्ती, ऑनलाइन भरायची माहिती. तेही लागतंच. पण अशाच एका परिषदेत पाहिलेला एक नमुना पाठ मी विसरू शकलेलो नाही.

पाठ घेणाऱ्या बाई डोंगराकडच्या एका लहान शाळेतल्या. यजमान शाळेची दुसरीची मुलं समोर बसलेली, भिंतीकडेनं आम्ही सारे. बाईंनी पिशवीतून खराट्याच्या काड्या काढल्या. दहा-दहा काड्यांना रबर लावलेले चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्यांनी एका मुलासमोर ठेवल्या. तो दुकानदार. म्हणाल्या, "मला सतरा दे." मुलानं एक गठ्ठा लगेच दिला. मग दोन सुट्या दिल्या. मग थांबला. हातात काही उरलं नव्हतं, समोर तीन गठ्ठे पडलेले होते आणि बाईंचा हात अजून पुढेच होता. आमच्यातल्या कुणाला तरी राहवेना, तो सुचवायला वाकला. बाईंनी नुसत्या डोळ्यांनी त्याला थांबवलं. बराच वेळ गेला. मुलगा गठ्ठ्यांकडे बघत होता, रबराला बोट लावत होता, काढून घेत होता. शेवटी मान वर करून म्हणाला, "बाई, गठ्ठा सोडू का?"

बाई म्हणाल्या, "तुझं दुकान आहे, तूच ठरव." त्यानं रबर काढलं, पाच काड्या मोजून दिल्या, आणि कुणी न विचारताच उरलेलं सांगितलं: दोन गठ्ठे आणि पाच. पंचवीस.

मुलं बाहेर गेल्यावर बाई आम्हाला म्हणाल्या, "हा प्रश्न मुलाकडून येईपर्यंत मी फळ्यावर हातच्याची मांडणी करत नाही. कधी कधी दोन-तीन दिवस जातात. जाऊ देते."

त्यानंतरची चर्चा मला पाठाइतकीच महत्त्वाची वाटते. एका वयस्क गुरुजींनी विचारलं, "बेचाळीस वजा सतरा, उत्तर पस्तीस, असं लिहिणारी मुलं प्रत्येक वर्गात निघतात. सातातून दोन काढून मोकळी होतात. याचं करायचं काय?" बराच खल झाला. मग मागे बसलेली, नुकतीच नोकरीला लागलेली एक मुलगी हळूच म्हणाली, "पहिलीत आपणच सांगतो ना, लहान संख्येतून मोठी वजा होत नाही म्हणून? मूल आपलंच ऐकतंय." सगळे गप्प झाले. ज्या उत्तरावर आम्ही बेधडक लाल फुली मारतो ते निष्काळजीपणाचं नव्हतं, आज्ञाधारकपणाचं होतं! हे एकट्याला वर्गात बसून सुचायला किती वर्षं लागली असती कुणास ठाऊक. तिथे ते पाऊण तासात घडलं, कारण वजाबाकी शिकवणारी पंचवीस-तीस माणसं एका खोलीत होती आणि एक जण आपलं काम उघड करून दाखवायला तयार होती.

पाहुण्यांच्या भाषणानं मन भरून येतं, हे मी मानतो. पण आपल्यासारख्याच दोन खोल्यांच्या शाळेतली, आपल्यासारखीच मुलं शिकवणारी बाई जे करून दाखवते, त्याला "आमच्याकडे हे होणार नाही" असं म्हणता येत नाही.

शिक्षक शिक्षकांतच शिकतो, ही गोष्ट काही लोकांनी फार पूर्वी ओळखली होती. मध्य प्रदेशात 1972 साली किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी सोळा उच्च प्राथमिक शाळांत होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू केला. तिथल्या शिबिरांत विद्यापीठांतले वैज्ञानिक येत, पण शिक्षकांपुढे व्याख्यान झोडण्यासाठी नव्हे. शिक्षक टोळ्या करून बसत आणि मुलांनी करायचे प्रयोग आधी स्वतः करत, चुकत, वाद घालत. नंतर मासिक बैठकांतून वर्गातल्या अडचणी परत चर्चेला येत. पुण्याच्या टेल्कोत काम करणारे अभियंता अरविंद गुप्ता 1978 मध्ये तिथे जाऊन राहिले, आणि आगपेटीच्या काड्या व सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांतून भूमितीचे आकार उभे करण्याची त्यांची खेळणी तिथल्या कामातून जन्मली. 2002 साली सरकारनं तो कार्यक्रम बंद केला. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

आपल्याकडे सातारा जिल्ह्यात कुमठे बीटात विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्यासोबत शिक्षकांनी जे काम उभं केलं ते पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. परत आल्यावर तिथल्यासारख्याच शाळाशाळांच्या फरशा रंगल्या. काही ठिकाणी मात्र रंगच तेवढा आला. मुलांनी जमिनीवर एकमेकांकडे तोंड करून बसावं, आपसात बोलत शिकावं, शिक्षकानं त्यांच्यात बसावं, हे त्या रंगामागचं खरं काम होतं. ते ज्यांनी पाहिलं, त्यांनीच ते पुढे नेलं.

आणि अनुताई वाघ. बालवयात वैधव्य आलेली, शिकवता शिकवता रात्रशाळेतून मॅट्रिक झालेली ही शिक्षिका 1945 मध्ये बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिराला गेली. तिथे बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक भेटल्या. त्याच वर्षी अनुताई ताराबाईंबरोबर बोर्डीला कामाला लागल्या. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या वस्तीच्या अंगणात न्यायची, ही अंगणवाडीची कल्पना तिथल्या कामातून रुजली. महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, खडे, बिया आल्या. पुढे कोसबादच्या टेकडीवर गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरली. 1992 मध्ये अखेरचा श्वास घेईपर्यंत अनुताई त्या कामात होत्या. शिक्षकांच्या एकत्र येण्यातून काय घडू शकतं, असं कुणी विचारलं की मी बोरिवलीच्या त्या शिबिराचं नाव घेतो.

म्हणून केंद्रप्रमुखांना माझी कळकळीची विनंती आहे. परिषदेच्या दिवशी नमुना पाठ सगळ्यात आधी ठेवा आणि त्यावरच्या चर्चेला घड्याळ लावू नका. परिपत्रकं मोबाइलच्या गटावर आलेलीच असतात, ती पुन्हा वाचायला वेळ कमी पडला तरी चालेल. आणि शिक्षक मित्रमैत्रिणींनो, पुढच्या परिषदेला आपला सर्वांत देखणा तक्ता आणू नका. ज्या पाठात आपली मुलं अडली, तो पाठ घेऊन या.