मातीची गाडी आणि पुठ्ठ्याचा बैल

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं नागपुरांत तान्हा पोळा भरतो, हें विदर्भांतील वाचकांस सांगणें नको. परंतु पुण्यामुंबईकडील वाचकांसाठीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. पिठोरी अमावास्येस खऱ्या बैलांचा सण होतो. दुसऱ्या दिवशीं, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, मुलें आपापले लांकडी बैल सजवून, दोरीनें ओढीत मैदानांत आणतात. तेथें सजावटीबद्दल बक्षिसें मिळतात आणि मागाहून घरोघर बैल फिरवून मुलें बोजारा, म्हणजे खाऊ अथवा चार पैसे, मिळवितात. नागपूरकर राजे दुसरे रघूजी भोसले (राज्यकाल १७८८ ते १८१६) यांनीं ही चाल पाडिली, असें सांगतात.

आमचें बिऱ्हाड गांधीबागेंत. भोंवतीं सारा घाऊक कापडाचा बाजार. यंदा श्रावण सरत आला तेव्हां आमच्या आठ वर्षांच्या नातवानें हट्ट धरिला कीं, शेजारच्या मुलाच्या बैलाएवढाच उंच लांकडी बैल आपणांस पाहिजे. दुकानीं जाऊन किंमत विचारिली, आणि ती ऐकून निमूटपणें परतलों. चिरंजीव मुकाट्यानें घरीं आले व जिन्यांत बसून मुसमुसूं लागले.

मॅट्रिकपलीकडे आमची मजल गेली नाहीं. संस्कृत मात्र वडिलांनीं घरींच पढविलें होतें. त्यामुळें असा प्रसंग आला कीं आम्हांस आधीं ग्रंथ आठवतो. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिकां’त चारुदत्ताचा मुलगा रोहसेन असाच रडतो. शेजारच्या मुलाची गाडी सोन्याची, याची मातीची. वसंतसेना आपले अलंकार काढून त्या मातीच्या गाडींत घालते व ‘याची सोन्याची गाडी करून घे,’ असें मुलास सांगते. हा प्रवेश आम्ही नातवास रंगवून सांगूं लागलों, तोंच स्वयंपाकघरांतून आमच्या कुटुंबाचा आवाज आला, “आणि त्याच दागिन्यांपायीं पुढें चारुदत्त सुळापर्यंत गेला, तेंही सांगा त्याला!” बोलणें यथार्थ होतें. शिवाय आमच्या घरीं वसंतसेनाही नाहीं व अलंकारही नाहींत. तेव्हां बैल घरींच करावयाचा ठरला.

सामुग्रीची उणीव नव्हती. कापडाचे तागे ज्या पुठ्ठ्याच्या नळ्यांवर गुंडाळलेले येतात, त्या नळ्या संध्याकाळीं दुकानांबाहेर पडलेल्या असतात. शिंप्याकडे चिंध्यांचें पोतें नेहमींच भरलेलें. घरीं जुनीं वर्तमानपत्रें, सुतळी व आमचें एक विरलेलें धोतर. चिंधी ही काय टाकाऊ वस्तु? अमरकोशांत वस्त्र, हस्तिदंत इत्यादिकांच्या बाहुलीस ‘पाञ्चालिका’ असें स्वतंत्र नांव आहे. आपल्या गोधडीस संस्कृतांत ‘कन्था’ म्हणतात. आणि तान्ह्या पोळ्याच्याच दिवशीं आमच्या इतवारी-महाल भागांतून मारबतीची मिरवणूक निघते, तींतील बडगे तरी कशाचे असतात? फाटक्या गोणपाटांचे, कागदांचे व चिंध्यांचे. सवाशें वर्षांहून अधिक काळ हें शहर आपली इडापिडा अशा जुन्यापान्या सामानावर लादून बाहेर नेऊन जाळीत आलें आहे.

एवढी विद्वत्ता सांगून झाल्यावर आम्ही कामास लागलों. पोटासाठीं हातभर नळी घेतली, तिच्याखालीं वर्तमानपत्रांच्या घट्ट सुरळ्यांचे चार पाय बांधले आणि बैल उभा केला. तो बसला. पुन्हां बांधला, पुन्हां बसला. तिसऱ्या खेपेस पाय चहूं दिशांस फांकले व नातवाला हंसूं कोसळलें. आम्हांस मात्र त्या क्षणीं दुसरें एक हंसूं आठवलें.

सन १९९० च्या सुमारास आम्ही एका प्राथमिक शाळेंत शिक्षक होतों. कार्यानुभवाच्या तासास तान्ह्या पोळ्यानिमित्त बैलसजावटीची स्पर्धा ठेविली होती व परीक्षक आम्हीच होतों. एका मुलानें पुठ्ठ्याचा बैल आणिला. त्याचा बाप याच बाजारांत हमाली करीत असे. इतर बैल लांकडी, रंगविलेले, घुंगुरमाळा घातलेले. आम्हीं तो पुठ्ठ्याचा बैल उचलून सर्व वर्गासमोर म्हटलें, “हा पावसांत भिजला तर याचा लगदा होईल रे!” वर्ग खदखदां हंसला. बक्षीस विकतच्या बैलास दिलें. शाळा सुटली तेव्हां पाऊस पडत होता. त्या मुलानें सदरा काढून बैलाभोंवतीं गुंडाळला व तो उघड्या अंगानें घरीं गेला, हें आम्हीं व्हरांड्यांतून पाहिलें. पुढें वर्षभर कार्यानुभवाच्या तासास त्यानें कांहींही करून आणिलें नाहीं, आणि आम्हींही त्यास कारण विचारिलें नाहीं.

येथून वर्धा कांहीं फार दूर नाहीं. तेथें १९३७ च्या ऑक्टोबरांत शिक्षणपरिषद भरली होती. हाताच्या उद्योगांतून मुलास शिक्षण मिळावें, हा विचार गांधीजींनीं तींत मांडिला व झाकीर हुसेन समितीनें पुढें त्याची योजना आंखिली. अध्यापन-पदविकेच्या परीक्षेंत आम्हीं यावर चांगलें लांबलचक उत्तर लिहिलें होतें. तो उद्योग प्रत्यक्ष हातांत घेऊन एक मुलगा समोर उभा राहिला, तेव्हां त्याची आम्हांस ओळख पटली नाहीं.

त्या दिवशीं बैल उचलला तेव्हां त्याच्या पोटाखालीं आडव्या-उभ्या दोन बांबूच्या कामट्या चारी पायांस बांधलेल्या दिसल्या होत्या. पस्तीस वर्षांनीं त्यांचा अर्थ कळला. आम्हीं जुन्या टोपल्याच्या कामट्या काढून तशाच बांधल्या, आणि बैल उभा राहिला.

ज्यांस करून पाहावयाचा असेल त्यांच्यासाठीं पुढील कृति देतों. पाय पक्के झाल्यावर मान व डोकें कागदाच्या बोळ्यांचें करून सुतळीनें आवळावें. वशिंडास चिंध्यांचा गोळा बांधावा. कणकेची पातळ खळ शिजवून तींत कागदाच्या पट्ट्या भिजवाव्या व त्यांचे तीन थर द्यावे. एक थर पुरता वाळल्यावांचून दुसरा देऊं नये; पावसाळ्यांत एकेका थरास दोन दिवस लागतात, म्हणून काम पोळ्याच्या पंधरा दिवस आधीं आरंभावें. खळींत मोरचूद घालण्याची जुनी रीत आहे, परंतु तें विष आहे. मुलांच्या हातीं तें देऊं नये, खळ रोज ताजी करावी. शेवटला थर जुन्या धोतराच्या कापडाचा द्यावा, म्हणजे अंग गुळगुळीत होतें व चुन्याचा हात चांगला बसतो. शिंगांस बेगड, पाठीवर साडीच्या कांठाची झूल, नाकांत सुतळीची वेसण. चाकांस औषधाच्या बाटल्यांचीं झांकणें चालतात. कात्री व तापलेली खळ मोठ्यांनीं आपल्या हातीं ठेवावी. बाकीचें मुलास करूं द्यावें, वांकडें झालें तरी.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशीं झिमझिम होतीच. नातवानें बैलावर प्लास्टिक पांघरलें व तो मैदानांत नेला. बक्षीस मिळालें नाहीं. बोजाऱ्यांत थोडी नाणीं, एक पेन्सिल व मूठभर गोळ्या मिळाल्या. परंतु दोन घरीं लोकांनीं बैल उलटा करून पाहिला, पाय कसे बसविले म्हणून विचारिलें, आणि त्यानें कामट्यांची युक्ति ऐटींत समजावून सांगितली. रात्रीं तो म्हणाला, “आजोबा, ही युक्ति तुमची ना?” आम्हीं म्हटलें, “नाहीं, एका मुलाची.” त्यानें नांव विचारिलें.

त्या वर्षीं बक्षीस मिळालेल्या मुलाचें नांव आम्हांस आजही पाठ आहे. या मुलाचें आठवलें नाहीं. तो आज चाळिशी ओलांडलेला गृहस्थ असेल. कदाचित् याच बाजारांतून रोज आमच्या दारावरून जात असेल.

शिक्षकबंधुभगिनींस व घरोघरच्या आजी-आजोबांस आमची एवढीच विनंति आहे. मुलानें हातानें केलेली वस्तु पुढें आणिली कीं तिजवर मत देण्याआधीं ती उलटी करून पाहावी आणि ‘हें कसें केलेंस?’ एवढें विचारावें. आम्हीं तें विचारिलें नाहीं.