होडीला भोक पाडताना

आजवरच्या आयुष्यात मी फार तर पाचसहा भोके पाडली असतील. त्यांतली तीन आमच्या दिवाणखान्याच्या भिंतीत आहेत आणि त्यांवर टांगलेल्या तिन्ही तसबिरी आजही आपापल्या मर्जीप्रमाणे तिरप्या लोंबतात. अशा माणसाच्या हाती कुणी विजेचे ड्रिल द्यावे आणि एका धडधाकट होडीकडे बोट दाखवून, ‘हं दादा, पाड इथं भोक,’ असे म्हणावे, ही गोष्ट आमच्या महाविद्यालयातल्या शिक्षकांच्या खोलीत अजून कुणाला खरी वाटत नाही. होडी माझी नव्हती, हे सांगितल्यावर मात्र थोडाफार विश्वास बसतो.

त्याचे असे झाले. माझा धाकटा भाऊ अमेरिकेत न्यू जर्सीला असतो. २०२३ सालच्या ऑक्टोबरअखेर एका रात्री अकराच्या सुमारास भावजयीचा फोन आला. ‘दादा, हे सकाळी पाण्यात पडले होते. आता ठीक आहेत. पण तुम्ही सांगा त्यांना, ती होडी विकून टाका म्हणावं. माझं ऐकत नाहीत.’ माझे तरी तो कुठे ऐकतो! पण थोरल्या भावाला फोन आला की त्याने ‘बरं, मी बोलतो’ म्हणायचे असते, तसे मी म्हटले. पुढच्या मे महिन्यात सुटी लागल्यावर सौ.ला घेऊन मी तिकडे गेलो तेव्हा पाकिटात भाजणी, मेतकूट आणि मनात या विषयावरचे एक तयार व्याख्यान होते.

व्याख्यान देण्यापूर्वी विषयाची माहिती करून घ्यावी, ही जुनी खोड. म्हणून पहिल्याच रविवारी मी गॅरेजमध्ये जाऊन ती होडी पाहिली. कयाक म्हणतात तिला. शब्द आर्क्टिककडच्या इन्युइट लोकांचा. लाकडाच्या, नाहीतर हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ते लोक ही होडी करीत, आणि ती ज्याची त्याच्या अंगाच्या मापाने करीत. आपल्याकडे शिंपी सदरा बेततो तशी. भावाची कयाक मात्र बाराएक फूट लांबीची, हिरव्या प्लॅस्टिकची, आणि कुणाच्या तरी अंगावरून उतरलेली, म्हणजे सेकंडहँड. पॉलिथिलीनची भुकटी साच्यात घालून तो साचा भट्टीत चहूबाजूंनी फिरवतात, मग आतून पोकळ अशी ही अखंड होडी निघते. तिला सांधा नाही, खिळा नाही. वल्हेही नावापुरतेच. बसायचे आणि सायकलसारखे पाय मारायचे! कॅलिफोर्नियातल्या होबी कंपनीने १९९७ साली ही युक्ती काढली. पायाने पेडल दाबले की होडीच्या पोटाखाली दोन लवचीक पंख पेंग्विनच्या पंखांसारखे इकडून तिकडे फडफडतात आणि होडी पुढे जाते. हात मोकळे राहतात. मासे गरवणाऱ्याला आणखी काय हवे?

पण माझा जीव दडपला तो दुसऱ्याच गोष्टीने. होडीच्या तळाला आरपार भोके होती. एक नाही, चांगली चारसहा!

‘अरे, ही फुटकी आहे!’ मी ओरडलो.

भाऊ हसत सुटला. ती भोके म्हणे मुद्दामच ठेवलेली असतात. वरच्या बैठकीपासून खालच्या तळापर्यंत नळ्याच असतात त्या. लाटेचे पाणी वर आले की त्यांतून परत खाली निघून जाते, होडीच्या पोकळ पोटात शिरत नाही. तरंगते ते पोट. भोके असल्यामुळेच ती बुडत नाही. बुडू नये म्हणून भोके! माझ्या व्याख्यानाचा पहिला मुद्दा तिथेच गळाला.

मग त्याने अपघाताची हकीगत सांगितली. बैठकीच्या मागे साच्यातच घडवलेल्या दोन खोबणी असतात. काठ्या वाहून न्यायला त्या उत्तम. याने त्यांच्या शेजारी, उजव्या कडेला, उंच मानेचा एक रॉड होल्डर स्वतः बसवला होता. (रॉड होल्डर या शब्दाला मी मनातल्या मनात ‘काठीचे घर’ म्हणू लागलो.) तिथेच का बसवला? तर अंगणात होडी ठेवली असता तो तिथे शोभून दिसला! त्या दिवशी रॅरिटन उपसागरात मोठा मासा लागला, काठी कमानीसारखी वाकली, आणि हा बसल्या जागी कमरेत वळून उजवा हात मागे टाकून ती उपसू लागला. काठी घट्ट बसलेली, मासा ओढतोय, अंगाचा सगळा भार एका कडेवर. होडी उलटली. काठीला दोरी बांधलेली नव्हती. दोन काठ्या, एक पक्कड आणि डब्यातले थालीपीठ समुद्रार्पण झाले. अंगात तरंगते जाकीट होते म्हणून हा वर राहिला.

‘मग?’

तो क्षणभर थांबला. घराच्या दाराकडे पाहून आवाज खाली आणून म्हणाला, ‘दादा, हे तिला सांगितलं नाही मी. होडी सरळ केली. उजवीकडून वर चढायला गेलो तर जाकिटाचा पट्टा त्या होल्डरच्या मानेत अडकला. वर जाता येईना, खाली येता येईना. पाणी गार. बोटं ऐकेनात. शेवटी कसाबसा सोडवला पट्टा आणि वळसा घालून डावीकडून चढलो.’

गॅरेजमध्ये बराच वेळ कुणी बोलले नाही. मी त्याच्या बोटांकडे पाहत होतो.

आम्ही मालवणकडचे. आमचे वडील शाळामास्तर, आणि रविवारी कर्लीच्या खाडीवर गरवायला जाणे हा त्यांचा एकुलता एक षौक. बरोबर न्यायचे ते धाकट्याला. मी पुस्तकातला किडा, मला उन्हात डोके दुखायचे. पण मला कुणी चल म्हटले नाही, हे मात्र मी आजही विसरलेलो नाही. एकदाच गेलो होतो. काठावरच्या जांभ्या दगडाला नैसर्गिक भोके असतात, त्यांतल्या एका भोकात वडील कळकाची काठी रोवून ठेवीत. माझ्या पाहण्यातले ते पहिले काठीचे घर. धाकट्याने आपली काठी मागच्या दगडात रोवली तेव्हा ते म्हणाले होते, ‘पाठीक डोळे आसत काय तुका?’ त्याने निमूटपणे काठी पुढे आणली होती. ही आठवण मी त्याला गॅरेजात करून दिली. त्याला ती आठवत नव्हती! जो जातो त्याला सवय होते. जो एकदाच जातो त्याला सगळे आठवते.

‘होडी विकू नकोस,’ मी म्हटले, आणि माझ्याच तोंडून हे वाक्य ऐकून मी चकित झालो. ‘पण जाकिटाची गोष्ट तिला आजच्या आज सांग.’

ती गोष्ट त्याने रात्री सांगितली. काय बोलणे झाले ते आम्हां दोघांना कळले नाही; स्वयंपाकघराचे दार बंद होते आणि सौ.ने मला कान देऊन ऐकू दिले नाही. सकाळी भावजय हातात मोजपट्टी घेऊन बाहेर आली. डोळे सुजलेले होते, पण आवाज स्वच्छ होता. ‘बसा होडीत,’ तिने नवऱ्याला सांगितले.

पुढचा सबंध दिवस जो कार्यक्रम झाला तो एखाद्या लग्नाच्या याद्यांना लाजवील असा होता. होडी हिरवळीवर. भाऊ तीत बसून हवेत पाय मारतो आहे. जाणायेणाऱ्या शेजाऱ्यांना काय वाटले असेल ते असो! पाय मारताना गुडघे किती वर येतात, तिथे खडूची खूण. डोळे मिटून डावा हात सहज पुढे टाकला की कुठे पडतो, तिथे खूण. सुकाणूची मूठ डाव्या हाताशी, तिला काठीचा बुंधा अडता कामा नये. आणखी एक खूण. आणि उजव्या कडेला भावजयीने खडूने लांबच लांब रेघ ओढली. ‘ही बाजू मोकळी. इथे काहीही बसवायचं नाही. जाळी नाही, डबा नाही, चहाचा कप ठेवायचं कडंसुद्धा नाही. इथून वर चढायचं.’ उंच मानेचा तो होल्डर तिने स्वतःच्या हाताने पाना फिरवून काढला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. त्याच्या जुन्या भोकांत बोल्ट, वॉशर आणि सीलंट भरून ती बुजवली.

नवी जागा ठरली ती डाव्या गुडघ्याच्या किंचित पुढे. काठीचे टोक डोळ्यांसमोर, हात न वळता पोचेल असा. तिथे सरळ होल्डर न बसवता फूटभर लांबीची ॲल्युमिनियमची खाचेची पट्टी बसवायची. मग होल्डर त्या पट्टीत हवा तसा पुढेमागे सरकवता येतो. चार भोके एकदाच पाडायची आणि पुढे जन्मभर सरकवत बसायचे. ‘चिकटवून टाका की,’ मी भीतभीत सुचवले. पण या प्लॅस्टिकला सहसा कुठला सरसच धरत नाही. भोकाला इलाज नव्हता.

आणि इथे ते ड्रिल माझ्या हाती आले. ‘तुझ्या हातानं होऊ दे, दादा,’ धाकटा म्हणाला. का म्हणाला ते मी विचारले नाही.

होडीला भोक पाडायचे म्हणजे कोकणी माणसाच्या अंगावर काटा येतो. पण मग मला मालवणकडच्या जुन्या होड्या आठवल्या. फळ्यांच्या काठांना ओळीने भोके पाडून त्या काथ्याच्या दोरीने शिवत. भोकांनीच ती होडी धरून ठेवलेली असे. (पुढे २०२५ च्या मे महिन्यात कारवारला ‘कौंडिण्य’ हे असेच शिवलेले जहाज आपल्या नौदलात दाखल झाले, तेव्हा वर्तमानपत्र हातात घेऊन मी सौ.ला म्हणालो, ‘बघ, भोकंच भोकं!’) भावाने आधी झाकण उघडून पोकळीत डोके घातले आणि खाली काही आड येत नाही ना ते पाहिले. खुणेवर कागदी चिकटपट्टी लावली, म्हणजे टोक घसरत नाही. आधी बारीक भोक, मग त्यावरच मोठे. मी श्वास रोखून कळ दाबली. लिंबाच्या सालीसारखी हिरवी वेटोळी बाहेर आली, आणि एकाएकी खाली काहीच नाही असे हाताला जाणवले. त्या क्षणी पोटात जो खड्डा पडतो तो पहिल्या तासाला वर्गात शिरताना पडायचा तसाच.

पुढचे काम मात्र मला शोभेसे निघाले. बोल्ट वरून घालायचे, पण आतून नट लावायला झाकणातून हात घालून पार कोपऱ्यापर्यंत नेणे भाग होते. भावाचा हात जाड, अडकला. आयुष्यभर खडूपलीकडे वजन न उचललेला माझा हात मात्र सुळकन आत गेला! अंधारात बोटांनी चाचपडत मी वॉशर चढवला, नट धरला आणि भाऊ वरून आवळू लागला. फार आवळायचे नसते; प्लॅस्टिक दबते. आत मी, बाहेर तो. ‘पुरे?’ तो विचारी. ‘अर्धा फेरा आणखी,’ मी म्हणे. चार बोल्टांना तास लागला. लहानपणी एकत्र बसून आम्ही काही केले असेल तर ते मला आठवत नाही.

बाकीची सामग्री पटापट झाली. नव्या काठीला दोरी, पकडीला दोरी, वल्ह्याला दोरी. मागे लांबून दिसेलसा केशरी झेंडा. बैठकीमागे दुधाच्या बाटल्यांचा असतो तसला एक चौकोनी क्रेट, त्याला प्लॅस्टिकच्या नळाचे तीन तुकडे बांधलेले, जादा काठ्या उभ्या करायला. नळाचे तुकडे त्या महागड्या होल्डरइतकेच चांगले काम देतात, असे माझे मत पडले. भावाला ते रुचले नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात परीक्षा झाली. घराजवळच्या तळ्यात, कमरेपेक्षा थोड्या अधिक पाण्यात भावाने मुद्दाम होडी उलटवायची आणि उजव्या बाजूने वर चढायचे. परीक्षक काठावर, हातात टॉवेल घेऊन. पहिल्या खेपेस तो चढला, पण धापा टाकीत. ‘पुन्हा,’ भावजय म्हणाली. दुसऱ्या खेपेस पोटावर आडवे पडून, पाय पाण्यात झाडून, बैठकीवर उलटून बसला. ‘पुन्हा.’ तिसऱ्या खेपेस तो वर बसेपर्यंत तिने तोंडाने आकडे मोजले. किती झाले ते तिने कुणालाच सांगितले नाही. टॉवेल मात्र पुढे केला.

पुढच्या शनिवारी आम्ही चौघेही रॅरिटनच्या किनाऱ्यावर गेलो. झेंडा लहान होत होत केशरी ठिपका झाला आणि आम्ही तिघे त्या ठिपक्याकडे पाहत थर्मासमधला चहा प्यालो. तीन तासांनी तो परतला. एक फ्लूक लागला होता म्हणे. आपल्या लेपीसारखा चपटा, दोन्ही डोळे एकाच अंगाला असलेला मासा. मापापेक्षा लहान म्हणून सोडून दिला.

‘काठी कुठं होती?’ भावजयीचा पहिला प्रश्न.

‘समोर.’

मग तिने होडी गाड्यावर चढवायला लावली, मागचे बूच स्वतः काढले आणि होडीचे नाक उंच धरायला सांगितले. पोटात पाणी शिरले असेल तर त्या बुचातून बाहेर येते. आम्ही सगळे वाकून पाहू लागलो. बराच वेळ काही आले नाही. मग चमचाभर पाणी वाळूवर गळले.

‘हे कुठून आलं?’ तिने विचारले.

‘दादाच्या भोकातून,’ धाकटा म्हणाला.

‘याच्या जुन्या भोकातून,’ मी म्हणालो.

तो वाद फोनवर अजून चालू आहे.