यकृत!

यकृत! आईच्या विसरण्यावर आम्ही घरात किती बोललो असू, पण पोटातल्या या अवयवाचं नाव कधी कुणी काढलं नव्हतं. परवा २०१२ सालचा एक शोधनिबंध वाचला आणि रात्री झोपच लागेना.

बंगळुरूत मल्लेश्वरमला जाता-येता बसमधून जिची झाडं मी वर्षानुवर्षं पाहतेय, त्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या विजयालक्ष्मी रवींद्रनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं हे काम. अल्झायमर जडवलेल्या उंदरांना त्यांनी अश्वगंधेच्या मुळाचा अर्क पाजला. महिनाभरात चक्रव्यूहात चुकणारे उंदीर नीट वाट काढू लागले! मेंदूत साचलेलं अमिलॉइड नावाचं प्रथिनही कमी झालं. पण खरी गंमत पुढेच आहे. अर्काने आधी यकृतातलं एलआरपी नावाचं प्रथिन वाढवलं. त्याचा एक अंश रक्तात उतरतो आणि तिथलं अमिलॉइड पकडतो, की मेंदूतलं अमिलॉइड रक्ताकडे ओढलं जातं. खात्री करायला त्यांनी यकृतातलं एलआरपी मुद्दाम दाबलं, तर अर्काचा गुणच गेला! मेंदूतला कचरा काढायची किल्ली यकृतात? मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे कळतं मला. बाजारातली अश्वगंधा मी आईला सुरू केलेली नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय करणारही नाही. तिच्या अल्झायमरवर डोनेपेझिल हे औषध चालू आहे. आठवणीसाठी लागणारं ॲसिटिलकोलिन ते मेंदूत टिकवून धरतं, काही काळ आधार देतं. आजार मात्र पुढे सरकतोच. २०२३ मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळालेलं लेकॅनेमॅब अमिलॉइडच काढतं, पण आजार सुरुवातीला असेल तरच, आणि तेही फक्त वेग कमी करतं. मेंदूला सूज येण्याचा, रक्तस्राव होण्याचा धोका असतोच.

म्हणजे लवकर गाठायला हवं. किती लवकर? त्याचा शोधही इथेच चाललाय! कोलार जिल्ह्यातलं श्रीनिवासपूर मला फक्त आंब्यांमुळे माहीत होतं. तिथल्या खेड्यांतली पंचेचाळिशीपुढची, स्मृतिभ्रंश नसलेली दहा हजार माणसं वर्षानुवर्षं तपासत राहायची, असा संस्थेच्या मेंदू संशोधन केंद्राचा संकल्प आहे: रक्त, स्मरणशक्तीच्या चाचण्या, मेंदूचे स्कॅन. बिघाड नेमका कधी सुरू होतो, ते चालत्या-बोलत्या निरोगी माणसांत शोधायचं!

बंगळुरू शहरातही असाच एक अभ्यास आहे. पंचेचाळिशी मी केव्हाच ओलांडली. उद्या सकाळीच केंद्रात फोन करून विचारते, माझं नाव घ्याल का?