पानाच्या तळाची नोंद

विल्की कॉलिन्सची ‘द वूमन इन व्हाइट’ कॉलेजात हाती आली तेव्हा मी ती भुताखेतांच्या आशेने उघडली. नोव्हेंबर १८५९ पासून पुढच्या ऑगस्टपर्यंत ती डिकन्सच्या ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकात क्रमशः आली. दोन पेन्सचा अंक, आणि हप्ता नेमका नको तिथे तुटलेला. मला आठवडाभर थांबायचं नव्हतं. रात्र जागून फडशा पाडला.

पुढे वकिली सुरू झाली. फेरफार आणि वारसनोंदी चाळता चाळता त्या कादंबरीतली बाई मागे पडली आणि चर्चमधली विवाहनोंदीची वही पुढे आली. कादंबरीतला खलनायक सर पर्सिव्हल, त्याच्या आईवडिलांच्या लग्नाची नोंद पानाच्या अगदी तळाशी, जागा नाही म्हणून दाटीवाटीने कोंबलेली. वहीची नक्कल दुसऱ्या गावात एका वकिलाच्या कचेरीत. तिथे नेमकी तेवढीच जागा कोरी! लग्नच झालेलं नाही, म्हणजे पदवीही नाही अन् इस्टेटही नाही. कॉलिन्सने बॅरिस्टरकीची सनद घेतली होती. वकिली केली नाही, पण कागदाला कुठे वास येतो हे त्याला कळत होतं.

कॉलिन्सचीच ‘नो नेम’ मी वाचली ती वकील होऊनच. दोन मुलींचे आईवडील उशिरा का होईना, रीतसर लग्न करतात आणि त्या लग्नामुळेच बापाचं जुनं मृत्युपत्र रद्द होतं. नवं करण्याआधी तो रेल्वे अपघातात जातो. मुली अनौरस, म्हणून पैसा दुरावलेल्या काकाच्या घशात. (आपल्याकडे हिंदूंच्या मृत्युपत्राला हा नियम लागू नाही, हे मी वाचतानाच मनाशी नोंदवलं. धंद्याची खोड.)

‘द वूमन इन व्हाइट’मधला पर्सिव्हल हलकट आहेच. पैशासाठी बायकोला वेड्यांच्या इस्पितळात कोंडण्याच्या कटात तो सामील होतो. पण त्याच्या आईचं आयर्लंडमध्ये आधीच लग्न झालेलं, नवरा छळणारा. तिने दुसरं लग्न करायचं कसं? आणि पोराने काय करायचं? त्याने वहीत घुसवलेल्या त्या खोट्या ओळीपुरता मी उतारवयात त्याच्या बाजूने झुकतो. कुठल्याशा दूरच्या नातलगाला इस्टेट मिळाल्याचा आनंद मला आता होत नाही.

खुद्द कॉलिन्सने लग्न केलंच नाही. कॅरोलाइन ग्रेव्हज आणि मार्था रड, अशी त्याची दोन घरं होती. मार्थापासून तीन मुलं. त्याने मृत्युपत्रात दोन्ही घरांची निम्मी-निम्मी सोय करून ठेवली. असा अशील मला मिळायला हवा होता.