संदर्भ हवा

दारव्हा तालुक्यातील बोरी अरब हे माझे गाव. मराठी विकिपीडियावर महाराष्ट्रातील असंख्य गावांची पाने एकाच साच्यातून उतरलेली दिसतात: भौगोलिक स्थान, हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा, जवळपासची गावे. मथळे सगळे जागच्या जागी असतात. खाली बहुधा काहीच नसते. ‘लोकजीवन’ या मथळ्याखालची ती पांढरी जागा पाहूनच चार वर्षांपूर्वी मी या बिनपगारी उद्योगात पडलो.

पहिले वाक्य लिहिले ते गावाच्या नावाविषयी. ‘अरब’ कोठून आले याची एक कथा आजोबा सांगत. तीच मी उतरवली. आठवड्याभराने त्या वाक्यापुढे कोणीतरी दोन शब्द लावले: ‘संदर्भ हवा’. मला राग आला. मग गॅझेटिअर धुंडाळले, विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसलो. जे छापील साहित्य हाती आले त्यात ती कथा नव्हती. उलट गावातल्याच दुसऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी नावाची निराळीच कथा सांगितली, आणि तीही तितक्याच ठामपणे. अखेर मी माझे वाक्य स्वतःच्या हाताने काढून टाकले. आजोबांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “काहून रे, छापलं तेच खरं रायते का?”

मला उत्तर देता आले नाही. ती कथा येथेही मी देत नाही, कारण येथून ती कोणीतरी उचलेल आणि वर्षभरात तिलाच ‘संदर्भ’ म्हणून माझ्यासमोर ठेवील.

ही भीती काल्पनिक नाही. आमच्या दारव्ह्यावरून धावलेली यवतमाळ–मूर्तिजापूर ‘शकुंतला’ घ्या. ती सुरू झाल्याचे साल कोठे १९०३, कोठे १९१०, तर कोठे १९१६ असे आढळते. लेखक एकमेकांचे वाचून लिहितात, आणि दहा ठिकाणी आढळलेली गोष्ट दहा साक्षीदारांची वाटू लागते. मूळ साक्षीदार एकच असतो, कधी तोही नसतो. ‘शकुंतला आजही ब्रिटिशांची’ हे वाक्य सर्वांनाच आवडते. पण त्या मार्गाचा कारभार पाहणारी किलिक-निक्सन ही पेढी १८५७ साली मुंबईतच स्थापन झालेली होती, हे सांगितले की गोष्टीतली गंमत जाते.

अनेकदा भांडण एका शब्दाचे असते. ‘१८५३ मध्ये इंग्रजांनी वऱ्हाड खालसा केला’ हे वाक्य मी कितीदा तरी बदलले आहे. खालसा झाले ते पुढच्या वर्षी नागपूरचे राज्य. वऱ्हाड निजामाने तहान्वये इंग्रजांच्या हवाली केला. नाममात्र सार्वभौमत्व त्याचेच राहिले. १९०२ च्या करारात कायमचा पट्टा झाला आणि वर्षाला पंचवीस लाख रुपये ठरले. ‘खालसा’ लिहिले की निजाम या इतिहासातून पन्नास वर्षे आधीच नाहीसा होतो. १९०५ पूर्वी आमचा जिल्हाही ‘वणी’ होता, ‘यवतमाळ’ नव्हे.

श्रीधर व्यंकटेश केतकरांचा मला हेवा वाटतो. अमरावतीत शिकलेल्या या माणसाने १९१६ साली नागपुरात ज्ञानकोशाचा घाट घातला, तेवीस खंड पुरे केले, आणि त्यांतले पहिले पाच प्रस्तावनेसाठीच ठेवून जगाचा इतिहास स्वतःच्या दृष्टीने मांडला! आमच्या कोशात संपादकाने स्वतःला पुसून टाकायचे असते. ही शिस्त मला मान्य आहे. पण ती सर्वांना सारखीच लागू पडते असे मी म्हणणार नाही. पुण्याच्या एखाद्या वाड्याला बखरी, दप्तरे, चरित्रे यांचा आधार मिळतो. आमच्यासारख्या गावांची छापील नोंद मुख्यतः महसुलासाठी झाली. शेतसारा किती हे कळते. लोक गावाविषयी काय सांगत, हे विचारण्याचे कारण त्या अधिकाऱ्यांना सहसा पडले नाही.

तरीही नियम सैल करावा असे मला वाटत नाही. अभाव छापील साधनांचा आहे, तो तेथेच भरून निघायला हवा. म्हणून गेल्या दिवाळीत दोन्ही कथा, तारीख आणि सांगणाऱ्याचे वय यांसह, ध्वनिमुद्रित करून ठेवल्या. स्थानिक इतिहासाच्या एखाद्या नियतकालिकात त्या शेजारी शेजारी छापून याव्यात, एवढी खटपट चालू आहे.

त्या गृहस्थांची कथा आजोबांना ऐकवली. डोळे मिटून त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली, ‘असंही म्हणत’ असे पुटपुटले, आणि तिसरीच सांगायला सुरुवात केली.